नवरा-बायकोच्या भांडणात जात कुठून आली?

"डॉक्टर, आमचं भांडण घरातलं हाय. त्यात जातीचा काय संबंध?"

हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी विचारला जातो. दलित वस्तीतून आलेली जोडपी विचारतात आणि माझे काही डॉक्टर मित्रही विचारतात. जोडपी संकोचाने विचारतात, मित्र थोडे वैतागून. मित्रांचे म्हणणे असे की, मेंदू सगळ्यांचा सारखाच असतो. नैराश्य सगळ्यांना सारखेच येते. औषधही तेच. मग उपचारात जात कशाला आणायची?

मेंदू सारखाच असतो हे खरे. पण त्या मेंदूवर दिवसभर काय काय येऊन आदळते, ते सारखे नसते. जात आपण उपचारात आणत नाही. ती रुग्णासोबत आधीच आत आलेली असते. तिच्याकडे बघायचे की नाही, एवढेच आपण ठरवतो. आज याच विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

माझ्याकडे धाराशिव जिल्ह्याच्या भूम, वाशी, परंडा या भागातले बरेच रुग्ण येतात. त्यांत ईट आणि आसपासच्या गावांचे पुष्कळ असतात. मी स्वतः बौद्ध कुटुंबातला आहे आणि माझे आजोळ याच भागातले आहे. हे सांगायचे कारण पुढे येईलच.

त्या दिवशी घरी यायच्या आधी कुठे होतात?

एका जोडप्याची गोष्ट सांगतो. खरे तर ही तीन-चार कुटुंबांची गोष्ट आहे. ओळखीच्या खुणा बदलून मी ती एकत्र केली आहे.

नवरा पस्तिशीतला. पूर्वी दोघेही ऊसतोडीला जायचे. आता तो गावातल्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो. बायको बचत गटात आहे, शिवाय खुरपणीला जाते. ती आली होती छातीत धडधड होते म्हणून. ईसीजी नीट होता, थायरॉईड नीट होते. हिमोग्लोबिन मात्र कमी होते. त्याची गोळी सुरू केली, पण धडधड थांबेना. मग एकदा ती म्हणाली, "ह्यांच्या गाडीचा आवाज आला की होतं बघा."

पुढच्या वेळी नवऱ्याला बोलावले. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. ती म्हणाली, "बोलतच नाहीत. बोलले की अंगावर येत्यात. परवा भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताट भिरकावलं." हात उचलतात का, हे मी तिला आधीच एकटीला विचारून घेतले होते. उचलत नव्हता. असे विचारणे का गरजेचे, ते पुढे सांगतो.

अशा वेळी पुस्तकी समुपदेशन म्हणते की राग कसा आवरायचा ते शिकवा. दीर्घ श्वास घ्या, दहा अंक मोजा. यात चूक काही नाही. पण त्याआधी मी एक प्रश्न विचारतो, आणि गेल्या काही वर्षांत मला तो सगळ्यात उपयोगी वाटला आहे: "त्या दिवशी घरी यायच्या आधी कुठे होतात?"

तो आधी म्हणाला, "कुठं न्हाई, कामावर." मग हळूहळू निघाले. मालकाचा मुलगा कॉलेजात जाणारा, वयाने याच्या निम्मा. त्याने चार माणसांत याला 'ए' म्हणून हाक मारली. चहा आला तेव्हा बाकीच्यांना कपात आणि याला प्लास्टिकच्या ग्लासात दिला. कुणी काही वाईट बोलले नाही. भांडण झाले नाही. फक्त ग्लास वेगळा होता. आणि त्या दिवशी याची नऊ वर्षांची मुलगी डबा घेऊन तिथे आली होती. तिने ते पाहिले.

"तिनं विचारलं का काही?" मी म्हणालो.

"न्हाई. पण बघितलं तिनं."

बायकोला यातले काहीच माहीत नव्हते. तिला माहीत होते ते फक्त मीठ.

शरीरात काय होते?

अपमान झाला की शरीर त्याला धोक्यासारखेच उत्तर देते. ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठरतात. शरीर लढायला किंवा पळायला तयार होते. पण ज्याच्या हातावर घर चालते त्याच्याशी लढता येत नाही, आणि पळताही येत नाही. मग तयार झालेली ती ताकद तशीच अंगात घेऊन माणूस घरी येतो. घर ही एकच जागा अशी असते की जिथे आवाज चढवला तर कामावरून काढत नाहीत.

हे एकदा झाले तर शरीर सावरते. वर्षानुवर्षे झाले तर शरीर कायम पहाऱ्यावर राहते. झोप उथळ होते, डोके दुखते, रक्तदाब वाढतो, छोट्या आवाजाने दचकायला होते. अमेरिकेतल्या आरोग्य-संशोधक अर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्यावर लिहिताना यासाठी जो शब्द वापरला, त्याला मराठीत 'झीज' म्हणता येईल. ऊन-पावसाने दगड झिजतो तसे सततच्या भेदभावाने शरीर वेळेआधी झिजते, अशी ती मांडणी आहे.

मनावरचा परिणामही मोजला गेला आहे. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी शाळकरी मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. ३२१ मुले तथाकथित वरच्या जातींतली होती आणि ३२१ खालच्या मानलेल्या जातींतली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांची कामगिरी जवळपास सारखी होती. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवल्यावर मात्र दलित मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. मुले तीच होती, कोडीही तशीच होती. फरक फक्त जात उच्चारण्याचा होता. वर्गात शिष्यवृत्तीची यादी मोठ्याने वाचणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे लक्षात ठेवावे असे मला वाटते.

"आता कुठे राहिलीय जात?" असे कुणी म्हणाले तर एक आकडा सांगतो. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात देशातल्या सुमारे २७ टक्के कुटुंबांनी आपल्या घरात कोणत्या ना कोणत्या स्वरूपात अस्पृश्यता पाळली जाते, असे स्वतःच सांगितले. हे फक्त कबूल करणाऱ्यांचे प्रमाण आहे.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांकडून काय शिकायचे?

या प्रश्नावर आपल्यापेक्षा आधी आणि जास्त काम कृष्णवर्णीय अमेरिकन मानसतज्ज्ञांनी केले आहे. आपला त्यांच्याशी संबंध जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांची सुटका करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिले, आणि त्यांचे उत्तरही आले. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरचे नाव तर तिथल्या ब्लॅक पँथरवरूनच घेतलेले आहे. राजकारण आणि साहित्यात आपण त्यांच्याकडून घेतले. मानसोपचारात मात्र अजून फारसे घेतलेले नाही.

कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये आपली वेगळी संघटना स्थापन केली. त्याच वर्षी विल्यम ग्रिअर आणि प्राइस कॉब्ज या दोन कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञांचे 'ब्लॅक रेज' हे पुस्तक आले. पुढे १९८९ मध्ये नॅन्सी बॉइड-फ्रँकलिन यांनी कृष्णवर्णीय कुटुंबांच्या उपचारांवर पुस्तक लिहिले. या परंपरेतून मी घेतलेल्या चार गोष्टी अशा:

१. सावधपणाला आजार म्हणू नका. ज्याला वारंवार फसवले गेले, तो माणूस पटकन विश्वास ठेवत नाही. तो संशयी नसतो, शिकलेला असतो. ईटसारख्या गावातला रुग्ण डॉक्टरला सगळे सांगत नसेल, तर त्याला 'सहकार्य करत नाही' असा शेरा मारण्याआधी थांबावे.

२. भेदभावाबद्दल स्वतःहून विचारा. रुग्ण आपण होऊन तो विषय काढत नाही. आपण विचारले की निदान या खोलीत ते बोलायला परवानगी आहे, हे त्याला कळते.

३. कुटुंब म्हणजे फक्त नवरा, बायको आणि दोन मुले नव्हे. आजी, मावशी, चुलता, शेजारची काकू हे सगळे मूल वाढवतात. 'तुमच्या घरात मर्यादाच नाहीत' असे म्हणण्याआधी त्या माणसांनी काय काय तोलून धरले आहे ते पाहावे.

४. उपचार करणाऱ्याने स्वतःची जागा ओळखावी. आपण कोणत्या घरातून आलो आणि समोरच्याला आपण कसे दिसतो, याचा विचार प्रत्येक वेळी करावा लागतो.

चौथा मुद्दा माझ्या बाबतीत रोजचा आहे. आमच्या भागात ओळख विचारायची पद्धत म्हणजे आडनाव. पाटीवरचे माझे आडनाव वाचून काही जण सैल होतात: "आपलेच डॉक्टर हायत." काही जण उलट गप्प होतात. त्यांना भीती असते की मी त्यांच्या पाहुण्यांत कुणाला तरी ओळखत असेन आणि घरातली गोष्ट वस्तीत जाईल. ही भीती रास्त आहे. म्हणून मी पहिल्याच भेटीत सांगतो की इथले बोलणे तुमच्या परवानगीशिवाय बाहेर जात नाही. अपवाद फक्त कुणाच्या जिवाला धोका असेल तर. त्याच जातीचा डॉक्टर म्हणजे आपोआप चांगला डॉक्टर, असे नाही. आणि दुसऱ्या जातीचा समुपदेशक ऐकायला तयार असेल, तर तोही उत्तम काम करतो.

'एक कोयता' म्हणजे दोन माणसे

मराठवाड्यातल्या जोडप्यांबद्दल बोलताना ऊसतोड वगळता येत नाही. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. या कामाला अनेक जातींची माणसे जातात. पण ज्यांच्याकडे जमीन नाही किंवा नावापुरती आहे, त्यांना पर्याय कमी असतो, आणि त्यांत दलित कुटुंबे खूप आहेत.

मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. म्हणजे लग्न हाच कामाचा करार होतो. एकाने आजारी पडायचे नाही, रुसून माहेरी जायचे नाही, कारण अर्धा कोयता चालत नाही. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामात पुन्हा जायचे. अशा जोडप्याला "एकमेकांसाठी वेळ काढा" असे सांगण्यात काय अर्थ आहे? ते चोवीस तास एकत्रच असतात. पहाटे फडात, रात्री कोपीत. त्यांच्याकडे वेळ नसतो असे नाही. कामाशिवायचे नाते जपायला त्यांना जागाच नसते.

यात बाईची बाजू आणखी जड. फडातले काम बरोबरीचे, आणि कोपीवर आल्यावर चूल तिचीच. मुकादमाची नजर, पाळीच्या दिवसांतली अडचण, मागे सासूकडे ठेवलेल्या लेकराची काळजी. नवऱ्याचा अपमान होतो तेव्हा निदान घरात त्याचा राग दिसतो. तिचा अपमान दिसतच नाही. तो धडधड, चक्कर, अंगदुखी होऊन दवाखान्यात येतो. वर सांगितलेल्या जोडप्यातल्या तिला मी विचारले, "आणि तुमच्यासोबत असं कधी झालं?" ती हसली आणि म्हणाली, "कोणतं सांगू?" नवरा पहिल्यांदाच वळून तिच्याकडे बघू लागला.

मग समुपदेशनात नेमके काय करतो?

पहिले काम म्हणजे भांडण खरे कुठे सुरू झाले ते दोघांना दाखवणे. मी कागदावर दोन घरे काढतो, एक बाहेरचे आणि एक आतले. मीठ आतल्या घरात असते, ग्लास बाहेरच्या. दोघांना ते दिसले की 'तू वाईट' आणि 'तुम्ही वाईट' हे थोडे सैल होते.

दुसरे काम, घरी आल्यावरची पहिली दहा मिनिटे. या जोडप्याने स्वतःच ठरवले की त्याचा दिवस वाईट गेला असेल तर तो घरात यायच्या आधी ओट्यावर बसेल आणि एवढेच म्हणेल, "आज बाहेरचं काहीतरी घेऊन आलोय." तिने लगेच विचारायचे नाही. जेवण झाल्यावर त्याने सांगायचे. आणि आठवड्यातून एकदा तिने तिचे सांगायचे, तेव्हा त्याने मध्ये न बोलता ऐकायचे.

तिसरे काम, घराण्याची वंशावळ काढणे. आजार कुणाला, दारू कुणाला, हे आम्ही नेहमीच विचारतो. त्यासोबत मी विचारतो की तुमच्या घरात पहिल्यांदा शाळेत कोण गेले? गावकीचे काम कुणी सोडले? नामांतराच्या काळात घरावर काय आले? १९७८ मध्ये मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. विद्यापीठाचा नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. ज्या आज्याने ती वर्षे पाहिली, त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ नातवाला तेव्हा कळतो. आणि दुसरेही कळते, की आपल्या घराण्याने नुसते सोसले नाही, काही ठरवून सोडले आणि काही मिळवले.

चौथे काम, ताकद मोजणे. जयंतीची वर्गणी काढणारा मुलगा, विहारात वंदना घेणारी आजी, बचत गटाचा हिशोब ठेवणारी बाई, अण्णाभाऊंच्या जयंतीला पोवाडा म्हणणारा चुलता. हे सगळे उपचारात उपयोगी पडते. नैराश्यातल्या माणसाला 'छंद जोपासा' म्हणण्यापेक्षा 'यंदा गाण्याच्या तालमीला पुन्हा जाल का?' हे विचारणे जास्त कामाचे. वस्तीतही एकमेकांना कमी लेखणे असते, दलितांतल्या जातींतही उतरंड असते, दारूही असते. तेही स्पष्ट बोलावे लागते.

पाचवी गोष्ट मुलांची. त्या नऊ वर्षांच्या मुलीशी बोलायचे की नाही, यावर आई-वडिलांचे एकमत नव्हते. वडील म्हणाले, लहान आहे, विसरेल. पण मुले विसरत नाहीत. कुणी काही सांगितले नाही तर ती आपलाच अर्थ लावतात: माझ्या बाबांतच काहीतरी कमी आहे. म्हणून साध्या शब्दांत सांगावे: "त्या माणसांना चुकीचं शिकवलंय. चूक त्यांची आहे, आपली नाही. आणि असं तुझ्याशी कुणी वागलं तर घरी येऊन सांग, आम्ही रागावणार नाही." त्या बापाने तिला हे सांगितले. तिने विचारले, "मग तुम्ही तिथं कामाला का जाता?" तो म्हणाला, "तुझ्या शाळेसाठी." हे मला त्यानेच येऊन सांगितले, आणि सांगताना त्याचा आवाज स्थिर नव्हता.

त्याचे काम अजून तिथेच आहे. ग्लासही बहुधा तोच असेल. समुपदेशनाने जात जात नाही, आणि तसा दावा कुणी करू नये. घरातली ताटे मात्र आता उडत नाहीत. तिची धडधड कमी झाली आहे.

चार गोष्टी ठाम लक्षात ठेवा

- अपमान हे रागाचे कारण असू शकते, मारहाणीची सबब नाही. घरात मारहाण असेल तर नवरा-बायकोला एकत्र बसवून समुपदेशन करणे धोक्याचे ठरू शकते. बोललेल्या शब्दाची शिक्षा तिला घरी मिळते. म्हणून आम्ही आधी एकटीला विचारतो. अशा वेळी महिला हेल्पलाइन १८१ आहे, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे.
- अत्याचाराच्या प्रकरणात समुपदेशक तडजोड करायला सांगत नाही. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार करायची की नाही, हा निर्णय कुटुंबाचा. तक्रारीच्या काळात झोप, भीती, मुलांची शाळा सांभाळायला मदत करणे हे आमचे काम.
- औषध लागते तिथे औषध घ्यावेच. तीव्र नैराश्यात फक्त बोलून भागत नाही. जातीमुळे त्रास झाला म्हणजे आजार खोटा, असे नाही.
- आंतरजातीय जोडप्यांत ही दरी घरातच असते. सासरी वेगळे भांडे, बाळाच्या नावावरून वाद, माहेर तुटणे. 'प्रेमात जात नसते' असे म्हणून विषय बंद करू नका. त्याबद्दल बोलणारी जोडपी जास्त नीट तरतात, असे मी पाहिले आहे.

समुपदेशक कसा निवडाल?

पहिल्या भेटीत सरळ विचारा: "जातीमुळे झालेल्या त्रासाबद्दल मी इथे बोलू शकते का?" उत्तर 'हो, सांगा' असे आले तर चांगले. 'हल्ली असे काही नसते', 'तुम्ही फार मनाला लावून घेता', 'आपण सगळे माणूसच' अशी उत्तरे आली तर दुसरा समुपदेशक शोधायला हरकत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात जातीच्या आधारे भेदभाव न होता उपचार मिळणे हा तुमचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. तिथे 'जात' हा शब्द स्पष्ट आहे.

खेड्यात समुपदेशक मिळत नाही ही अडचण खरी आहे. सुरुवात आशाताईंपासून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. फोनवर बोलायचे असेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, आणि मराठीत बोलता येते.

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही, दारू वाढली आहे, किंवा 'जगून काय उपयोग' असे विचार येत आहेत, तर थांबू नका. घरातल्या कुणी असे बोलून दाखवले तर त्याला एकटे सोडू नका, विषारी औषधे हाताशी ठेवू नका, आणि त्याच दिवशी दवाखान्यात आणा.

आणि येताना जोडीदाराला सोबत आणा. भांडण मिठावरून झाले असले तरी चालेल. तिथूनच सुरुवात करू.